मोडलेली बरगडी, गेम सिक्स आणि ‘नाही’ म्हणायचं कोणी?

24 जून 2013 ची रात्र. मी तेव्हा ऑनसाइटला होतो, बोस्टनजवळ क्विन्सीला राहायचो, आणि ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी आम्ही सातआठ जण टीव्हीसमोर बसलेलो. आइस हॉकी, म्हणजे आपली ध्यानचंदांची नाही, बर्फावरची. स्टॅनले कपची, म्हणजे NHL या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या विजेतेपदाची फायनल, बोस्टन ब्रुइन्स विरुद्ध शिकागो ब्लॅकहॉक्स, सातपैकी चार मॅच जिंकायच्या, शिकागो 3-2 ने पुढे आणि आज हरलं की बोस्टनचं सगळं संपलं. घरात एकच चर्चा चालली होती, बोस्टनचा बर्जरॉन खेळणार का. कारण दोनच दिवसांपूर्वी, शिकागोतल्या पाचव्या मॅचमध्ये तो मधेच उठून आत गेला होता आणि तिथून त्याला अ‍ॅम्ब्युलन्सने हॉस्पिटलला नेलं होतं.

आणि मग वॉर्मअपला तो बर्फावर आला, 37 नंबर, आणि सगळं घर ओरडलं. मीही ओरडलो. त्या ओरडण्याबद्दल मी नंतर खूप विचार केलाय, आणि हे प्रकरण नीट लिहून काढावं असं बरेच दिवस डोक्यात होतं.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. पॅट्रिस बर्जरॉन, क्युबेकचा, तेव्हा 27 वर्षांचा, सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, खेळायचा. खूप गोल मारणारा स्टार अशातला तो नव्हता, पण दोन्ही बाजूंनी खेळणारा असा सेंटर त्या काळात दुसरा नसेल. बचाव करणाऱ्या सर्वोत्तम फॉरवर्डला सेल्की ट्रॉफी मिळते, ती याने पुढे एकूण सहा वेळा जिंकली. शेवटच्या मिनिटाला फेसऑफ, म्हणजे पंचाने टाकलेला पक (रबरी चकती) मिळवायची झटापट, जिंकायचाय, पाठवा बर्जरॉनला. त्याच वर्षी 13 मे ला प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्या राउंडमध्ये टोरोंटोविरुद्धच्या सातव्या मॅचमध्ये बोस्टन तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पीरियडला 4-1 ने मागे होतं, लोक घरी जायला निघाले होते, आणि यानेच शेवटच्या मिनिटात बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकवणारा गोलही यानेच मारला. त्यामुळे ‘हा नसेल तर आपलं काही खरं नाही’ ही भावना नुसती फॅन लोकांची नव्हती, ड्रेसिंग रूममध्येही तीच असणार.

आता घटनाक्रम. चौथी मॅच 19 जून, बोस्टनमध्ये, शिकागोने 6-5 ने ओव्हरटाइममध्ये घेतली. बर्जरॉनने त्यात दोन गोल केले, पण त्याच मॅचमध्ये त्याच्या बरगड्यांजवळची कूर्चा आणि स्नायू फाटले. तरी 22 जूनला पाचवी मॅच खेळला, त्यात बरगडी मोडली आणि दुसऱ्या पीरियडमध्ये बाहेर पडला. स्प्लीनला (प्लीहेला) काही झालंय का अशी शंका असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. कोच क्लोद जुलियन यांनी मॅचनंतर फक्त ‘बॉडी इंजुरी’ एवढंच सांगितलं. 24 जूनला सहावी मॅच, तो साधारण पावणेअठरा मिनिटं खेळला, म्हणजे सेंटरसाठी जवळपास पूर्ण ड्यूटीच, आणि या मॅचमध्ये त्याचा खांदा सांध्यातून निसटला. बोस्टन 2-1 ने पुढे होतं, सव्वा मिनिट उरलेलं, शिकागोच्या बिकेलने बरोबरी केली आणि 17 सेकंदांनी बोलंडने दुसरा मारला. सतरा सेकंद! आमच्या खोलीत कोणी बोललंच नाही. कप शिकागोकडे गेला आणि बर्जरॉन तिथून परत हॉस्पिटलला, कारण श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला होता. फुफ्फुसाला छोटं भोक पडलं होतं.

म्हणजे हिशेब केला तर एक मोडलेली बरगडी, फाटलेली कूर्चा, निसटलेला खांदा आणि भोक पडलेलं फुफ्फुस. हे सगळं बाहेर आलं तेव्हा बोस्टनमध्ये त्याला देवाच्या जागी बसवलं लोकांनी. ऑफिसात दुसऱ्या दिवसापासून हाच विषय, ‘दॅट्स हॉकी’ असं प्रत्येक जण मान हलवत म्हणायचा आणि मीही हलवायचो.

माझं मत बदललं ते दोन वर्षांनी, पुण्यात. पावसात स्कूटर घसरली, डाव्या बाजूला एक बरगडी क्रॅक. एकच, आणि तीही नुसती क्रॅक. मला वाटलं पट्टा बांधतील, पण डॉक्टर म्हणाले हल्ली पट्टा बांधत नाहीत, छाती आवळली की माणूस वरवरचा श्वास घेतो, फुफ्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही आणि मग न्यूमोनिया होतो. त्यांनी ते तीन बॉलवालं प्लास्टिकचं स्पायरोमीटर दिलं आणि सांगितलं दर तासाला दहा वेळा ओढायचं. पहिला निळा बॉल कसाबसा वर जायचा. दुसरा हलला की डोळ्यांत पाणी. तिसरा बॉल मला अकराव्या दिवशी वर नेता आला, तारीख अजून लक्षात आहे. शिंक येणार असं वाटलं की आई धावत उशी आणून द्यायची, ती छातीशी घट्ट धरायची आणि मग शिंकायचं. कूस बदलायला सकाळ व्हायची.

त्या दिवसांत मला सारखा फेसऑफ डोळ्यासमोर यायचा. फेसऑफ म्हणजे काय, दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे, पाय फाकलेले, स्टिक खाली, पंचाच्या हातातून पक पडायच्या क्षणी कमरेपासून वरचं सगळं शरीर एका झटक्यात पिळायचं आणि समोरचा माणूस त्याच क्षणी खांद्याने तुमच्या छातीत घुसतो. मोडलेल्या बरगडीने हे एकदा नाही, रात्रभर. त्यावरून बोर्डला, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीला, चेपलं जाणं वेगळं, मागून स्टिकचे दांडे वेगळे.

आणि इथेच मला मुद्दा सापडला, जो त्या रात्री आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. दुखणं वेगळं आणि धोका वेगळा. फाटलेली कूर्चा म्हणजे दुखणं. भयंकर दुखणं, पण त्यात खेळलास तर बहुतेक करून बरं व्हायला वेळ जास्त लागेल, एवढंच. ज्याला सोसायचंय त्याने सोसावं, त्याचं शरीर आहे. पण मोडलेली बरगडी ही दुखण्याची गोष्ट राहत नाही, कारण त्या हाडाच्या टोकाच्या अगदी आत, बोटभर अंतरावरही नाही, फुफ्फुसाचं आवरण असतं. हाड जागेवर असेल तर ठीक, पण त्याच जागी अजून एक दणका बसला आणि टोक सरकलं तर आत घुसतं, हवा फुफ्फुसातून छातीच्या पोकळीत जायला लागते, फुफ्फुस चेपतं, आणि प्रमाण वाढलं तर हृदयावरही दाब येतो, मग ती जीव जाण्याची गोष्ट असते. आइस हॉकी हा नेमका असा खेळ आहे की ज्यात त्याच जागी अजून एक दणका बसण्याची जवळजवळ खात्रीच असते. त्यामुळे चौथ्या मॅचनंतर पाचवी खेळला, तिथपर्यंत मी समजू शकतो. पाचवीनंतर सहावी, माझ्या मते नाही. कप हातातून जात असला तरी नाही.

मला माहितीये याला काय उत्तर येतं, कारण मी स्वतः ते वर्षभर दिलंय. पहिलं उत्तर, तो सज्ञान माणूस आहे, त्याला खेळायचं होतं. दुसरं, हे नेहमी असंच होत आलंय. 1964 मध्ये टोरोंटोचा बॉबी बॉन सहाव्या फायनल मॅचमध्ये पायाला मार लागून स्ट्रेचरवरून बाहेर गेला, परत आला, ओव्हरटाइममध्ये जिंकवणारा गोल मारला, सातवीही खेळला आणि कप जिंकला, पाय मोडलेला होता. ही गोष्ट कॅनडात आपल्याकडे कोंढाण्याची सांगतात तशी सांगतात. त्या 2013 च्याच प्लेऑफमध्ये बोस्टनच्या ग्रेगरी कॅम्पबेलने पिट्सबर्गच्या माल्किनचा शॉट पायावर घेतला, फिब्युला हे पोटरीतलं हाड मोडलं, आणि टीम एक माणूस कमी असल्याने तो जवळपास मिनिटभर तसाच एका पायावर रेटत उभा राहिला. ते बघताना माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं का बोलू. ब्रुइन्सचाच नेथन हॉर्टन फायनलच्या पहिल्या मॅचपासून निखळलेल्या खांद्याने खेळला, नंतर ऑपरेशन झालं आणि नव्या टीमसाठी तो बर्फावर उतरला ते थेट पुढच्या जानेवारीत.

पण यात एक गंमत नाही, एक अवघड गोष्ट आहे. ‘त्याला खेळायचं होतं’ हे वाक्य काहीच सांगत नाही, कारण प्लेऑफमध्ये कुठल्याही हॉकी प्लेयरला विचारा, उत्तर ‘हो’ च येणार. 16 टीम, चार राउंड, प्रत्येक राउंड सातपैकी चार जिंकायच्या, दोन महिने रोज आड रोज मार खायचा, आणि कितीतरी जणांच्या अख्ख्या करिअरमध्ये फायनल एकदाच येते, काहींच्या तीही नाही. पैशांसाठी करतात असं म्हणावं तर पगार रेग्युलर सीझनचा असतो, प्लेऑफमध्ये वेगळा पगार नसतो, लीगकडून बोनसचा वाटा मिळतो तेवढाच. ते करतात ते बाजूला बसलेल्या एकोणीस जणांसाठी. कॅम्पबेल मोडक्या पायावर उभा राहिलेला आपण बघितलाय, हॉर्टन शेजारी खांदा बांधून बसलाय, आणि तू म्हणणार मला श्वास घ्यायला त्रास होतोय? कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हणजे ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही अशा एकाच माणसाला आपण विचारतो आणि त्याच्या ‘हो’ ला संमती म्हणतो. मला हे पटत नाही, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

ही गाठ सुटते कशी, तेही बर्जरॉनच्याच आयुष्यात दिसतं, म्हणून तर मी हेच प्रकरण घेतलं. ऑक्टोबर 2007 मध्ये फिलाडेल्फियाच्या प्लेयरने मागून बोर्डवर आदळल्यामुळे त्याला इतकं जबर कन्कशन (मेंदूला हादरा) झालं होतं की तो सीझन त्याचा दहा मॅचमध्येच संपला. मग मे 2011 च्या प्लेऑफमध्ये, पुन्हा फिलाडेल्फियाविरुद्ध, डोक्याला मार लागला, सौम्य कन्कशन. पुढचा राउंड टॅम्पा बे विरुद्ध, कॉन्फरन्स फायनल, म्हणजे सेमीफायनलच, महत्त्वाची सीरिज. तो पहिल्या दोन मॅच खेळला नाही. बाहेर बसला. तेव्हा कोणी म्हणालं का की घाबरला, कमी पडला? अजिबात नाही. कारण डोक्याच्या बाबतीत तोपर्यंत नियम झाला होता, त्याच मार्चमध्ये लीगने ठरवलं होतं की शंका आली की प्लेयरला बेंचवरून उठवून शांत खोलीत न्यायचं आणि डॉक्टरने तपासायचं, ट्रेनरने बेंचवरच ‘बरा आहेस ना’ विचारून परत पाठवायचं नाही. कन्कशनमध्ये त्याला ‘खेळायचंय का’ हा प्रश्न महत्त्वाचा राहिलाच नाही. तो तिसऱ्या मॅचला परत आला, आणि 15 जून 2011 ला व्हँकुव्हरमध्ये सातव्या मॅचमध्ये दोन गोल मारून बोस्टनला 39 वर्षांनी कप मिळवून दिला. दोन मॅच बाहेर बसून कप जिंकता आला. कोणाची मर्दुमकी कमी झाली नाही.

त्याच फायनलमध्ये समोर व्हँकुव्हरचा रायन केस्लर होता, त्याचंही खुब्याच्या सांध्यातलं लॅब्रम, म्हणजे सांध्याच्या कडेची कूर्चा, फाटलेलं होतं आणि तो खेळत राहिला, लगेच उन्हाळ्यात ऑपरेशन. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने उघडपणे सांगितलं की मॅच खेळता यावी म्हणून टोराडॉलची इतकी इंजेक्शनं घेतली की आतड्यांची वाट लागली. टोराडॉल हे वेदनाशामक औषध आहे, जोरदार, थोडे दिवसच घ्यायचं असतं, जास्त झालं तर पोटात रक्तस्राव आणि किडनीला त्रास. दुखणं बंद होतं, इजा तशीच राहते, उलट शरीराचा अलार्मच बंद करून ठेवल्यामुळे माणूस अजून जोरात धडकतो. बरगडीच्या बाबतीत तर हा अलार्म जास्तच महत्त्वाचा, कारण दुखतं म्हणूनच माणूस ती बाजू सांभाळतो.

मग 2013 मध्ये वेगळं काय करता आलं असतं? एक म्हणजे, हा निर्णय टीमच्या नोकरीत नसलेल्या डॉक्टरच्या हातात हवा होता, आणि प्लेयरला विचारून नाही. टीम डॉक्टर लोक वाईट असतात असं मला म्हणायचं नाही, ते सगळ्यात जवळून बघतात, पण ज्या संध्याकाळी अख्खं शहर त्या एका उत्तराकडे डोळे लावून बसलंय त्या संध्याकाळी त्याच बिल्डिंगमध्ये पगार घेणाऱ्या माणसाने ‘नाही’ म्हणणं ही फार मोठी अपेक्षा आहे. बाहेरचा डॉक्टर म्हणाला ‘नाही’, की कोच सुटला, टीमचे डॉक्टर सुटले आणि मुख्य म्हणजे प्लेयर सुटला, त्याला ड्रेसिंग रूममध्ये कोणाच्या नजरेला नजर देताना खाली बघावं लागत नाही. डोक्याच्या बाबतीत लीगने नंतर हेच केलं, 2016-17 पासून मॅचवर लक्ष ठेवणारे स्पॉटर बसवले जे शंका आली तर प्लेयरला बाहेर काढायला लावतात. छातीला हा न्याय का नाही, मला आजवर कळलेलं नाही.

दुसरं, खेळवायचंच असेल तर किती. खांदा निसटला तो मॅचमध्येच ना, मग तिथे थांबून परत तपासून आज तुझं झालं, असं म्हणता आलं असतं. टॅम्पाने 2020 मध्ये आपल्या कॅप्टनला, स्टीव्हन स्टॅम्कॉसला, डॅलसविरुद्धच्या फायनलच्या तिसऱ्या मॅचमध्ये महिन्यांच्या दुखापतीनंतर आणलं, तो तीन मिनिटंही खेळला नाही, 2 मिनिटं 47 सेकंद, एक सुंदर गोल मारला आणि त्रास व्हायला लागल्यावर पुढे त्याला बेंचवरच बसवून ठेवलं. बेंचवर उभा राहून ओरडत होता, टीम जिंकली, कपही जिंकली. परत यायचं म्हणजे सगळीच्या सगळी ड्यूटी करायची असं कुठे लिहिलंय?

निकालावरून न्याय करायचा नाही हेही सांगायला हवं, कारण चर्चेत लोक नेहमी तिथेच जातात. शिकागोचा कॅप्टन जॉनाथन टेव्ज पाचव्या मॅचमध्ये जोरदार हिट बसल्यावर तिसऱ्या पीरियडला बेंचवर होता पण खेळला नाही, आणि दोनच दिवसांनी सहाव्या मॅचमध्ये आला, शिकागोचा पहिला गोल मारला, कप उचलला. म्हणजे दोन्हीकडे एकेक जखमी सेंटर परत आला, एकाची गोष्ट विजयाची झाली आणि एकाची हॉस्पिटलची. सतरा सेकंद इकडेतिकडे झाले असते तर उलटं झालं असतं, पण बर्जरॉनचं फुफ्फुस तरी तेवढंच फाटलेलं राहिलं असतं.

आणि बरं झालं म्हणून निर्णय बरोबर होता असंही नाही. बरा झाला तो, देवाची कृपा. त्याच जुलैमध्ये बोस्टनने त्याला आठ वर्षांचा, 5 कोटी 20 लाख डॉलरचा करार दिला. पुढच्या फेब्रुवारीत सोचीला कॅनडासाठी ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं, टेव्जच्याच टीममध्ये. माझे मित्र हेच दाखवून म्हणतात, बघ काय झालं त्याला? पण सिग्नल तोडून सुखरूप घरी आलेल्या माणसाला आपण तो बरोबर होता असं म्हणत नाही.

उलट ती सवय तशीच पुढे चालू राहिली. 2023 च्या फायनलमध्ये फ्लोरिडाच्या मॅथ्यू कचकला तिसऱ्या मॅचमध्ये हिट बसून छातीचं मधलं हाड मोडलं, त्याने त्याच मॅचमध्ये बरोबरीचा गोल मारला, चौथी मॅचही खेळला, पाचवीला मात्र उठणंच शक्य नव्हतं. दहा वर्षांनी तेच, आता बरगडीऐवजी छातीचं हाड, ज्याच्या मागे हृदय असतं. आणि पुन्हा तीच कौतुकं.

त्याच फ्लोरिडाशी त्याच वसंतात पहिल्या राउंडमध्ये बोस्टनची गाठ पडली होती. तो सीझन बोस्टनचा लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा, 65 विजय. बर्जरॉन 37 वर्षांचा, कॅप्टन, सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये माँट्रियालला पाठीत डिस्क सरकलेली. पहिल्या चार मॅच तो बाहेर होता आणि त्याच्याशिवाय टीमने 3-1 ने आघाडी घेतली होती. एक मॅच हवी होती फक्त. पाचव्या मॅचला तो आला. मी पुण्यात पहाटे साडेचारला उठून बघत होतो आणि या वेळी तो बर्फावर आलेला बघून मी ओरडलो नाही, पोटात गोळा आला, आई तेव्हा चहा घेऊन आली आणि म्हणाली काय झालं, हा तोच ना रे तुझा बरगडीवाला.

बोस्टन पुढच्या तिन्ही मॅच हरलं. ते त्याच्यामुळे हरले असं मी म्हणणार नाही, गोलकीपिंग गडबडलं, बचाव फुटला, बरीच कारणं होती. 30 एप्रिलला सातव्या मॅचच्या ओव्हरटाइमनंतर तो बर्फावरच थांबला, टीममधल्या एकेकाला मिठी मारली, लोकांकडे बघून हात वर केला, आणि सरकलेल्या डिस्कचं नंतर कळलं. जुलैमध्ये त्याने रिटायरमेंट जाहीर केली. वीस वर्षांपूर्वी, 2003 मध्ये, याच टीमने त्याला 17 वर्षांचा असताना ड्राफ्टमध्ये निवडलं होतं.